एकशे बेचाळीसवर गेलेलं तेल

४ मार्च

मामास,

तुझ्या इंजिनाच्या शेकोटीवरून भाचीचा नमस्कार.

काल मोसमातली पहिली शर्यत झाली. म्हणजे इतरांची झाली. पाचव्या फेरीत तेलाचा काटा एकशे तीसवर गेला, आठव्या फेरीत एकशे बेचाळीसवर, आणि मी मुकाट्यानं गाडी गवतात घेतली. पाण्याचा काटा मात्र नव्वदवर, अगदी गुणी बाळासारखा. "हे इंजिन डोळे झाकून चालव," असं तू म्हणाला होतास. डोळे झाकायची वेळच आली नाही. धुरापुढे तसंही काही दिसत नव्हतं.

तेल एकशे दहाच्या आसपास राहिलं तर ठीक, एकशे तीसच्या वर गेलं की पाण्यासारखं पातळ होतं आणि बेअरिंगं खातं, हे मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून तू मला ऐकवतोयस. मग एक लिटरच्या एवढ्याशा इंजिनात तू एवढी आग कुठून भरलीस ते जरा कळव.

क्लबचे सेक्रेटरी गाडीभोवती घुटमळत होते. त्यांचं तुला माहीतच आहे. पुढच्या वर्षी नवशिक्यांसाठी सहा गाड्या करायच्या आहेत आणि सहाही इंजिनं तुझ्याकडून बांधून घ्यायची की नाही, ते आपल्या या इंजिनावर ठरणार आहे. काल ते माझ्याकडे नापास मुलाच्या आईकडे बघावं तसं बघत होते.

फोन केला होता. मामींनी तुला दिला, तू दोनदा "काय? काय?" म्हणालास आणि "हल्लीचे फोन भिकार, पत्र लिही" म्हणून ठेवून दिलास. म्हणून हा उपद्व्याप. एवढा मोठा इंजिनवाला, आणि फोनला घाबरतोस!

तुझी, बोटं भाजलेली,
भाची

*

९ मार्च

भाचीबाईंस,

आशीर्वाद देतो, पण अर्धाच. उरलेला इंजिन धड ठेवलंस की.

दिवसभर लोकांच्या कवळ्या घासणाऱ्या बाईच्या हाती मी इंजिन सोपवलं, तेव्हा तक्रार कुणाकडे करू? मामीनं तुझ्या गाडीचा फोटो दाखवला. बघून मी कपाळावर हात मारला. ऑइल कूलर रेडिएटरच्या मागे लावलायस! म्हणजे आधी पाण्याला फुंकर घालून तापलेली हवा तू तेलाला थंड करायला देतेस. ओल्या टॉवेलनं अंग पुसण्यातला प्रकार. त्याला पुढे आण, त्याची हवा त्याला वेगळी दे. आणि हवा आत शिरायला भोक पाडलंस तसं बाहेर पडायलाही पाड. कोंडलेली हवा कशालाही थंड करत नाही, मग कूलर कितीही चकचकीत असो.

दुसरं. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर भरलं असशील. "थोडं जास्त असलेलं बरं" ही तुझ्या आईची स्वयंपाकघरातली अक्कल. जास्त तेल भरलं की क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, त्यात बुडतो, तेल घुसळतो, फेस काढतो आणि तापवतो. माझी बहीण म्हणून तिला मी काही बोलत नाही, तुला बोलतो.

इंजिनात दोष नाही. ते मी चाचणीच्या बाकावर चढवून स्वतःच्या कानानं ऐकलंय. माझी पद्धत तू विसरली असशील, म्हणून पुन्हा सांगतो. तांब्याची नळी, तिचं एक टोक चपटं करून ब्लॉकला बोल्टनं आवळायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी, आणि ती कानात. मग ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर हळूहळू पुढे फिरवायचा. ठिणगी जितकी लवकर पडेल तितका इंजिनाला जोर. पण फारच लवकर पडली तर पेट्रोल जळायच्या ऐवजी फुटतं, पिस्टनवर हातोडे बसतात आणि ती सगळी आग तेलात उतरते. नळीतून हातोड्याची पहिली बारीक खडखड आली की दोन अंश मागे यायचं. बस्स. टायमिंगचे दिवे आणि यंत्रं लावून बसणारे लोक चष्मा लावून जेवणाची चव बघणारे.

आणि फोन बिघडलेले नाहीत, माणसं बिघडलीत. सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. बँकेतली मुलगी तर काचेमागे नुसते ओठ हलवते. तुझ्या पिढीला धड तोंड उघडायचाही आळस.

मामा

*

२७ मार्च

मामास,

तुझ्या सगळ्या आज्ञा पाळून, तरीही भाजून, नमस्कार.

कूलर पुढे आणला. त्याला पत्र्याचा स्वतंत्र हवामार्ग केला, मागे हवा सुटायला बॉनेटमध्ये खाचा पाडल्या. तेल वरच्या खुणेपेक्षा बोटभर कमी ठेवलं. आणि तुला सांगते, आधीही ते जास्त नव्हतंच. माझ्या आईला यात ओढायचं कारण नव्हतं. ती तुझ्यासारखी अंदाजपंचे काही करत नाही.

निकाल: एकशे छत्तीस. सहा अंश उतरले. अभिनंदन! दोन शनिवार-रविवार गाडीखाली लोळून मी सहा अंश कमावले. इंजिन वाचावं म्हणून अर्धी शर्यत पाय आवरून चालवली आणि नववी आले. दहावा जो आला त्याचं चाक निखळलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. शर्यतीनंतर मी स्पार्क प्लग काढून फडक्यावर मांडले होते. तेवढ्यात तुझा जुना वैरी टोपीवाला आला. तोच, ज्याला तू इंजिनवाला नाही, बंबवाला म्हणतोस. त्यानं न विचारता एक प्लग उचलला, उन्हात धरला आणि मला दाखवला. आतल्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक काळे ठिपके होते, मधूनमधून चकचकीतही. "पोरी," म्हणाला, "हे पिस्टन झडतंय. इंजिन नॉक करतंय, आत हातोडे बसताहेत. मामाला म्हणावं टायमिंग मागे घे."

मी त्याला सुनावलं की माझ्या मामानं बांधलेलं इंजिन नॉक करत नाही, तुम्ही आधी आपली टोपी धुवा. तो नुसता हसला. आता तू मला सांग, तुझी बाजू घेऊन मी शहाणी ठरले की मूर्ख? आणि "मूर्ख" म्हणालास तर पुढचा कूलर तुझ्या खाटेखाली बसवीन.

भाची

*

१ एप्रिल

भाचीबाईंस,

आशीर्वाद आता पाव राहिला.

टोपीवाल्यानं माझ्या इंजिनाला हात लावला आणि तू लावू दिलास? त्या माणसाला नॉकिंग आणि दारावरची टकटक यातला फरक कळत नाही. त्यानं आयुष्यात जी इंजिनं बांधली ती सगळी आजही धावताहेत, कारण कुणी त्यांना जोरात चालवलंच नाही. ठिपके म्हणे! तुझ्या भिकार पेट्रोलची काजळी असेल. प्लग मला पाठव. मी बघून सांगतो.

नॉकिंग नाही म्हणजे नाही. मी तासभर नळी कानात घालून ऐकलंय. डिस्ट्रिब्युटर पुढे नेला, आणखी पुढे नेला, एक कण वाजत नव्हता. इतकं स्वच्छ इंजिन माझ्या हातून आजवर झालेलं नाही. इतकी ठिणगी पुढे घेणारं इंजिन या धंद्यात कुणाकडे नसेल. तिथेच तर तुझा जोर आहे. तो मिळतोय ना तुला सरळ रस्त्यावर? मग!

दोष हवेचाच आहे. हवामार्ग आणि कूलर यांच्यामध्ये फट राहिली असणार. हवा ही आळशी बाई आहे, फट दिसली की कामावर न जाता बाहेर पळते. सगळ्या कडांना स्पंजची पट्टी लाव. आणि तू चालवतेस कशी तेही मला माहीत आहे. गिअर बदलायचा कंटाळा, नुसती इंजिनाला आठ हजार आरपीएमवर ताणत बसतेस.

टायमिंगला हात लावलास तर मला मामा म्हणू नकोस. कान माझा आहे, तो विकायला काढलेला नाही.

मामा

*

१४ एप्रिल

मामींना नमस्कार.

हे पत्र आमच्या कवळ्यांच्या लॅबच्या पाकिटात घालून तुमच्या नावानं पाठवतेय. मामाला दाखवू नका.

मी टोपीवाल्याला खोटं पाडायला निघाले होते. इथे एका वर्कशॉपमध्ये रोलर आहेत, त्यांवर मागची चाकं ठेवून गाडी जागच्या जागी पळवता येते. मी गाडी तिथे नेली आणि मामाची पद्धत जशीच्या तशी केली. तांब्याची नळी, बोल्ट, रबरी नळी, कानात. त्या यंत्रवाल्या लोकांसमोर मला दाखवायचं होतं की मामाचं इंजिन कसं स्वच्छ वाजतं. त्या मुलांनी हसू दाबायला आधीच तोंडावर हात धरले होते.

मामी, पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवावेत तसं वाजत होतं. बारीक, कोरडं, सारखं. मला ओळखू येतं, कारण तो आवाज मामानंच मला ऐकवलाय. मी लहान असताना तो मुद्दाम टायमिंग पुढे नेऊन नळी माझ्या कानाला लावायचा आणि म्हणायचा, "हा आवाज आला की इंजिन रडतंय असं समज." मी डिस्ट्रिब्युटर चार अंश मागे घेतला तेव्हा कुठे ते थांबलं.

चार अंश! मामाची आजवर अर्ध्या अंशाची चूक कुणी काढलेली नाही. तो तासभर ऐकत होता आणि त्याला हे ऐकू आलं नाही?

मी सरळ विचारते, तुम्हीही सरळ सांगा. मामाला ऐकू येतं ना?

तुमची,
भाची

*

१८ एप्रिल

बाळ,

तुझं पत्र भाजीच्या पिशवीत लपवून वाचलं. या वयात मला असले उद्योग करायला लावतेस.

ऐकू येतं त्यांना. जाड आवाज सगळे येतात. लॉरी आली, दार आपटलं, मी भांडले, सगळं येतं. बारीक आवाज गेले. किटलीची शिट्टी वाजून वाजून पाणी आटतं आणि हे शेजारी बसून पेपर वाचतात. घड्याळाचा गजर मी बंद करते. बायकांचं बोलणं तर यांच्या लेखी पुटपुटणं झालंय, त्यात मीही आले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आयुष्यभर उघड्या इंजिनापाशी उभं राहिल्याचा परिणाम, गेलेलं परत यायचं नाही. त्यावर हे काय म्हणाले माहीत आहे? "डॉक्टरही तोंडातल्या तोंडात बोलतो." कानातलं यंत्र आणलं, ते मोज्यांच्या कप्प्यात पडून आहे.

मी चिडते, वाट्टेल ते बोलते. पण तुला खरं सांगू? मला भीती वाटते. ह्यांच्याकडून कान काढून घेतला तर मागे काय उरतं? चिडका म्हातारा. क्लबच्या त्या सहा इंजिनांचं नाव काढलं की चेहरा कसा होतो ते तू बघायला हवं होतंस. बाक घासूनपुसून ठेवलाय. सहा स्टँड रंगवले.

म्हणून म्हणते, तू टायमिंग मागे घेतलंस ना, मग झालं. ह्यांना सांगू नकोस. ह्यांच्याच त्या स्पंजानं बरं वाटलं म्हणून लिही. जरा गोड लिही, म्हणजे बरं वाटेल त्यांना. पुढचं पुढे बघू.

मामी

*

६ मे

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार.

तुला कळवायला अतिशय आनंद होतो की कालच्या अखेरच्या शर्यतीत मी तिसरी आले. तुझ्या सूचनेप्रमाणे हवामार्गाच्या सर्व कडांना स्पंजची पट्टी लावली आणि गिअरही वेळेवर बदलले. त्याचा अपूर्व गुण आला. संपूर्ण शर्यतीत तेल एकशे चौदाच्या वर गेलं नाही. तुझं निदान किती अचूक होतं हे आता पटलं. मी उगाच उलटसुलट लिहिलं, त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस.

क्लबच्या सेक्रेटरींनी सर्वांसमोर तुझं नाव घेतलं. पुढच्या वर्षीची सहाही इंजिनं तुझ्याचकडे येणार आहेत. तुझ्यासारखा मार्गदर्शक लाभला हे माझं भाग्य आहे. टोपीवाल्याचं बोलणं मी मनावर घेतलेलं नाही.

प्लग चुकून कचऱ्यात गेले, म्हणून पाठवू शकले नाही. क्षमस्व.

तब्येतीची काळजी घे. मनःपूर्वक धन्यवाद.

तुझी आज्ञाधारक,
भाची

*

२० मे

भाचीबाईंस,

आशीर्वाद नाही.

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्या ओळीला समजलं की काहीतरी जळालंय. "प्रिय मामा"? "साष्टांग"? तू आजवर मला कधी साधा वाकून नमस्कार केलेला नाहीस. पुढे "भाग्य" आलं, मग "मनःपूर्वक". खाली "आज्ञाधारक" वाचून तर मी पाकीट उलटून बघितलं, दुसऱ्या कुणाचं पत्र आलं की काय. माणूस मेल्यावर लोक असं लिहितात. मी घरभर चालून खात्री केली, मी जिवंत होतो.

बाई गं, स्पंजच्या पट्टीनं तेल बावीस अंश उतरत नाही. दोन उतरेल, फार तर तीन. हे मीच तुला शिकवलंय आणि तेच मला विकायला आलीस? एका पट्टीत बावीस अंश उतरवायचे तर इंजिनाची आगच कमी करावी लागते, आणि आग कमी करायची चावी एकच, ती डिस्ट्रिब्युटरवर असते. प्लग कचऱ्यात गेले म्हणे. कवळीचा तुटका दात जपून ठेवणारी तू! मिरपूड होती ना त्यांच्यावर? होतीच.

मामीला विचारलं. तिनं आधी दोन गोष्टी धडधडीत खोट्या सांगितल्या, मग रडली. खोटं बोलायची कला तुम्हा दोघींतही नाही, तेवढी एक बरी गोष्ट.

मग मी काय केलं ते ऐक. बाकावर माझं सरावाचं जुनं इंजिन होतं. ते चालू केलं, नळी आवळली, कानात घातली आणि डिस्ट्रिब्युटर पुढे नेऊ लागलो. म्हटलं, पहिली खडखड कधी ऐकू येते ते बघू. दोन अंश पुढे. स्वच्छ. आणखी दोन. स्वच्छ. तेलाचा काटा चढत होता, तो मला दिसत होता, पण मी काट्याकडे बघायला बसलोच नव्हतो, ऐकायला बसलो होतो. आणखी पुढे नेलं. असं सुंदर चाललं होतं म्हणून सांगू, अगदी पहिल्या दिवसासारखं गुळगुळीत. दारात मामी दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं जेवायला बोलावतेय, मी थांब म्हणून हात केला. मग धूर आला आणि इंजिन आपणहून बंद पडलं.

खोललं तेव्हा पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक होतं. मी अंगठा घालूनही बघितला. ते इंजिन माझ्या कानाशी जीव तोडून ओरडत होतं, मामी रस्त्याच्या पलीकडून ते ऐकून धावत आली, आणि मी नळी लावून बसलेला ठोंब्या खूश होत होतो. त्यानंतर मी बाकाला टेकून रडलो. हे तुला सांगतो, आईला सांगू नकोस.

आता तुझ्याकडे वळतो. तुला माझी दया आली. आली तर आली, पण दयेचा हिशेब तू पुढे केलास का? मी याच कानानं ती सहाही इंजिनं बांधणार होतो. सहा नवशिकी पोरं त्यांत बसणार होती. त्यातल्या एकाचं इंजिन भर वेगात जाम झालं असतं, चाकं लॉक झाली असती, तर तू त्याच्या घरी काय लिहिलं असतंस? साष्टांग नमस्कार? आयुष्यभर तू माझ्याशी उद्धटपणे बोललीस आणि मी निश्चिंत होतो, कारण काही चुकलं तर ही पोरगी तोंडावर सांगेल. आणि नेमकी गरज पडली तेव्हा तू गोड झालीस. टोपीवाला बरा. तो हसला, पण खरं बोलला. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय आणि ते लिहायला तू लावलंस, याबद्दल मी तुला इतक्यात माफ करणार नाही.

सेक्रेटरींना कालच पत्र टाकलं. इंजिनं मी बांधीन, कारण हात माझे शाबूत आहेत आणि या बेअरिंगांच्या फटी इतक्या नेमक्या दुसरा कुणी बसवून दाखवू दे. पण बाकावर ऐकायला माझी भाची बसेल. तिनं "आता" म्हटलं की मी थांबेन. त्यांना हे मान्य नसेल तर त्यांनी खुशाल बंबवाल्याकडे जावं. तुला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तू त्या चार अंशांचा शोध एकटीनं लावलास, म्हणजे कान बरा असावा. अक्कल नाही, पण कान बरा असावा.

सेक्रेटरींचं उत्तर येवो न येवो, पहिलं इंजिन शनिवारी बाकावर चढतंय. कवळ्या एक दिवस दात काढून हसत बसल्या तरी चालेल. सकाळी ये. घरात शिरल्या शिरल्या माझ्या पाया पडू नकोस, त्या पत्रात पुरेशी पडलीस. आलीस की माझ्या समोर उभी राहा आणि मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाही.

मामा